सेन्सिबल व्हायला किती महिने लागतात?

स्पोकन इंग्लिश शिकवायला लागून मला अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत किती जणांना इंग्रजी आलं, असं कुणी विचारलं तर मी विषय बदलते. किस्से मात्र हवे तेवढे मागा! औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचा क्लास. बाकं आठ, पंखा एक, आणि सकाळी आठच्या बॅचला रोज काहीतरी घडणार म्हणजे घडणारच. घरी जाऊन मी ते नवऱ्याला सांगते. तो म्हणतो, "तू त्यांच्याकडून फी कसली घेतेस? तूच तिकीट काढून जायला पाहिजेस."

आमच्या क्लासचा एक नियम आहे. तो आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. इंग्रजीत एकमेकांसारखी दिसणारी विशेषणं पुष्कळ, आणि डिक्शनरीतला अर्थ पाठ करून ती कुणाला वेगळी ओळखता आली, असं मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून आमच्याकडं अर्थ सांगायचा नाही. माणूस दाखवायचा. तोही त्याच खोलीत बसलेला. नुसतं बोट दाखवून भागत नाही, पुरावा म्हणून खराखुरा किस्सा सांगावा लागतो. आणि ज्याच्याकडं बोट गेलं त्यानं क्लास सुटेपर्यंत रागवायचं नाही. सुटल्यावर जिन्यात काय होतं ती माझी जबाबदारी नाही.

हा नियम मीच काढला आणि पहिला फटका मलाच बसला.

फेमस आणि नोटोरिअस अशी जोडी होती. मी आपली वाट बघत होते की फेमस म्हणून कुणीतरी माझ्याकडं बोट करेल. अठरा वर्षं एका ठिकाणी शिकवतेय, माणसाला एवढी आशा असतेच. सीमाताई उठल्या. या पुंडलिकनगरहून येतात. मुलीच्या शाळेत पालकसभेला सगळ्या आया इंग्रजीत बोलतात आणि आपण नुसतं हसून मान हलवतो, याचा त्यांना वैताग आला होता, म्हणून आमच्याकडं आल्या. त्यांनी बोट माझ्याकडंच केलं. मी पदर सावरला.

"मॅडम इज नोटोरिअस," सीमाताई म्हणाल्या.

किस्सा असा की, येताजाता दुकानांच्या पाट्यांवरची इंग्रजी स्पेलिंगं मला दिसतात, आणि दिसली की दुकानात शिरून सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आता वाईट सवय आहे, पण आहे. सीमाताईंनी त्याच दिवशी सकाळी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मी रिक्षातून उतरले तेव्हा खालचे भांडीवाले रफीकभाई आतल्या माणसाला ओरडून सांगत होते, "मॅडम आरे, मॅडम आरे! नया बोर्ड ढाको!"

मी नियमाप्रमाणे रागावले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो बोर्ड बघून आले. दोन चुका होत्या!

*

आता गाडेकरांकडं येते, कारण त्या वर्षीचे निम्मे किस्से त्यांच्यामुळंच झाले.

ज्ञानेश्वर गाडेकर मूळचे देवगाव रंगारीचे. शेती भावाकडं, हे वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर. एका सकाळी तिसऱ्या पाळीहून थेट क्लासला आले. डोळे लाल, शर्टाला ऑइलचा वास. नाव सांगितलं, आणि बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, सेन्सिबल व्हायला किती महिने लागतात?"

मी म्हटलं, "कोर्स तीन महिन्यांचा आहे, पण तो इंग्रजीचा."

"तेच म्हणायलोय मी. कंपनीला सेन्सिबल माणूस पाहिजे. मी सेन्सिटिव्ह निघालो. माझ्या फायलीतच लिवलंय तसं, मोठ्या साहेबांनी, सहीनिशी. ते बदलता येतं का?"

बॅचमधलं कुणी हसलं नाही, कारण माणूस अगदी मनापासून विचारत होता. इनचार्जच्या जागेसाठी त्यांचे दोन इंटरव्ह्यू झाले होते आणि दोन्ही वेळा तो शेरा आडवा आला होता. तिसरा इंटरव्ह्यू अडीच महिन्यांवर होता. तिसऱ्यांदा नाही झालं की चौथ्यांदा बोलवत नाहीत, अशी तिथली रीत.

"पगाराचं एवढं नाय मॅडम," ते म्हणाले. "इनचार्जला दिवसपाळी असती. चौदा वर्षं झाली, आज फर्स्ट, उद्या सेकंड, परवा थर्ड. पोरगी दहावीत गेली माझी. तिनं मला जागं असलेलं कमी आन् झोपलेलं जास्त बघितलंय."

मी चटकन फळ्याकडं वळले आणि सेन्सिबल, सेन्सिटिव्ह अशी जोडी लिहून टाकली. शिक्षकांना फळा असतो ते फार बरं असतं.

*

सेन्सिबल कोण, यावर मतदानसुद्धा झालं नाही. सगळी बोटं एकदम जोशीकाकांकडं गेली.

जोशीकाका म्हणजे सरकारी ऑफिसातून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले गृहस्थ. काकू गेल्यापासून एकटेच असतात. मुलगी कॅनडात, नातू मराठी समजतो पण बोलत नाही, म्हणून काका सत्तरीला आल्यावर इंग्रजी बोलायला शिकत होते. खिशात कायम दोन पेन, एक चाललं नाही तर. पिशवीत मार्च महिन्यातही छत्री.

"पुरावा!" मी म्हटलं.

पुरावा सीमाताईंनी दिला, काकांनीच त्यांना कधीतरी सांगितलेला. काकांच्या निरोप समारंभात साहेबांचं भाषण चालू होतं. शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे डोळे पुसत होते. तेवढ्यात हारासकट सत्कारमूर्ती उठले आणि बाहेर गेले. लोकांना वाटलं, काकांना भरून आलं. काका दोन मिनिटांनी परत येऊन शांतपणे बसले. शेजारच्या खोलीत कुणी नव्हतं आणि पंखा फिरत होता, तो बंद करून आले!

"मग? उगाच का फिरू द्यायचा?" जोशीकाका म्हणाले.

गाडेकर त्यांच्याकडं देवळात बघावं तसं बघत होते.

सेन्सिटिव्हसाठी गाडेकरांनी स्वतःकडंच बोट केलं आणि तो शेरा कसा आला ते सांगितलं. अकरा वर्षं त्यांनी एकच मशीन सांभाळलं होतं. ते जुनं झालं, भंगारात काढलं, न्यायला ट्रक आला. गाडेकरांनी ट्रक थांबवला. हार आणला, नारळ फोडला, मशीनला हळदकुंकू लावलं आणि सगळ्या शिफ्टला दोन मिनिटं उभं केलं. लाइन बंद! मोठे साहेब खाली आले, तर सुपरवायझर ट्रकच्या फळीला हात लावून रडतोय.

"साहेब म्हणले, अरे लोखंड आहे ते. म्हणलं साहेब, अकरा वर्षांत एका शब्दानं उलट बोलली नाय ती मला."

"मशीन 'ती' कधीपासून?" मी विचारलं.

"आमच्याकडं पयल्यापासून 'ती'च," गाडेकर म्हणाले आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. जोशीकाकांनी मान हलवली आणि मला हळूच म्हणाले, "मॅडम, तीन महिने पुरणार नाहीत."

*

तरीही आम्ही कंबर कसली. गाडेकरांची फर्स्ट शिफ्ट नसेल तेव्हा रोज शेवटची वीस मिनिटं नकली इंटरव्ह्यू. टेबलामागं जोशीकाका, म्हणजे साहेब. समोर गाडेकर.

दुसऱ्याच दिवशी इंटरव्ह्यू चांगला रंगात आला होता. गाडेकरांनी 'आय कॅन टेक हार्ड डिसिजन्स' हे वाक्य न अडखळता म्हटलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि सीमाताईंचा फोन वाजला. पलीकडून शेजारीण एवढं मोठ्यानं ओरडली की आम्हालाही ऐकू आलं, "सीमा, नळ आला!"

आमच्या शहरात हे वाक्य ऐकल्यावर माणूस कुठंही असो, उठतो. सीमाताईंनी पर्स उचलली.

जोशीकाका म्हणाले, "अहो, अर्जंट आणि इम्पॉर्टंट यातला फरक मॅडमनी परवाच शिकवला ना? इंग्रजी इम्पॉर्टंट आहे."

"काका, इंग्रजी उद्या पण येईल. पाणी आठवड्यानं येतं!"

खाली उतरून सीमाताई रिक्षा शोधू लागल्या, तर एकही मिळेना. आम्ही खिडकीतून बघत होतो. तेवढ्यात आमच्या लक्षात आलं की समोरची खुर्ची रिकामी आहे. हार्ड डिसिजनवाले गाडेकर खाली मोटरसायकलला किक मारत होते!

दुसऱ्या दिवशी सीमाताईंनी सांगितलं की गाडेकरभाऊंनी नुसतं घरी सोडलं नाही. दोन ड्रम भरले, टाकीवर चढून पाइप धरला, आणि शेजारच्या आजींच्या घागरीही भरून दिल्या. आजींनी विचारलं, "कोण रे बाबा तू?" तर म्हणाले, "इंटरव्ह्यूला आलतो."

*

जोशीकाकांचं म्हणणं असं की हळवं असणं हा गुन्हा नाही, दिसणं हा गुन्हा आहे. चाळीस वर्षं सरकारी नोकरीत त्यांनी एक तंत्र वापरलं होतं आणि ते त्यांनी गाडेकरांना शिकवायचं ठरवलं.

"डोळ्यांत पाणी आलं की चष्मा काढायचा. रुमालानं पुसायचा. पुसता पुसता खाली बघायचं. समोरच्याला वाटतं, काच मळली."

"पण काका, मला चष्माच नाय."

काका बोलल्याप्रमाणे करणारे. गाडेकरांना घेऊन त्याच दुपारी जवळच्या चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं डोळे तपासले आणि म्हणाला, "नंबर नाही." काका म्हणाले, "माहितीये. बिननंबरी द्या."

"मग कशाला पाहिजे?"

"पुसायला," काका म्हणाले.

तो चष्मा चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी गाडेकर पुन्हा बिनचष्म्याचे. काय झालं म्हणून विचारलं, तर कंपनीतल्या एका ऑपरेटरला बारीक कणांचा त्रास होत होता, काहीतरी डोळ्यांसमोर असलेलं बरं, म्हणून देऊन टाकला!

जोशीकाका त्या दिवशी पहिल्यांदा क्लासमध्ये रागावले, पण मी त्यांना टोकलं नाही. प्रसंगच तसा होता.

*

मग रजेचा प्रश्न आला. इंटरव्ह्यूत हा हमखास विचारतात म्हणे. शिफ्ट सुरू व्हायला एक तास आहे, माणसं कमी आहेत आणि कामगार रजा मागतोय. काय कराल? उत्तर एकच, की रजा नामंजूर. 'सॉरी, नॉट टुडे.' तीन शब्द. बस.

कामगार झाल्या सीमाताई. त्यांच्यात एवढी नटी दडलेली असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, मुलीची अ‍ॅडमिशन आहे. गाडेकरांनी रजा दिली आणि फॉर्म भरायला कोण येतंय ते विचारलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, घरी म्हैस आजारी आहे. सीमाताईंच्या पुंडलिकनगरच्या फ्लॅटमध्ये म्हैस! गाडेकरांनी रजा तर दिलीच, वर म्हशीला काय पाजायचं ते दहा मिनिटं सांगितलं. तेही मराठीत.

तिसऱ्या दिवशी जोशीकाकांचा संयम संपला. "उठा तुम्ही. मी करून दाखवतो, बघा." ते खुर्चीत ताठ बसले, हाताची घडी घातली. "येस. कम इन."

सीमाताई आत आल्या. मनात काही नव्हतं हो त्यांच्या, सुचेल ते बोलत होत्या. म्हणाल्या, "सर, आय वॉन्ट लीव्ह. माय डॉटर इज गोइंग अब्रॉड टुडे. एअरपोर्ट, सर. वन अवर ओन्ली."

काकांनी हाताची घडी सोडली. आम्हाला वाटलं, शब्द आठवत असतील. सॉरी, नॉट टुडे. मी ओठांनी सुचवूनसुद्धा पाहिलं.

"गो," काका म्हणाले. "गो, गो. टेक फुल डे." मग त्यांनी चष्मा काढला, रुमाल काढला आणि खाली बघून काचा पुसायला लागले. पुसतच राहिले. मुलगी कॅनडाला गेली त्या दिवशी काका ऑफिसातच होते, रजा शिल्लक असून त्यांनी घेतली नव्हती, मार्चएंडची कामं होती म्हणून. हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की आता काहीतरी बोलायला हवं, आणि मी, इंग्रजीची बाई, फळ्याखालचे खडू गोळा करत बसले.

गाडेकर उठले. माठातलं पाणी आणून काकांपुढं ठेवलं आणि म्हणाले, "काका, चष्मा लई मळतो ओ तुमचा."

काका आधी हसले, मग आम्ही सगळे हसलो. फळ्यावरच्या सेन्सिबलखाली काकांचं नाव लिहिलेलं होतं. ते पुसावं का, असं मी विचारलं. "राहू द्या," काका म्हणाले. "रेकॉर्ड एकदा झालं की बदलत नाहीत."

*

इंटरव्ह्यूच्या दुसऱ्या दिवशी आठला पाच कमी असताना सगळी बॅच हजर होती. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला घरी चहा गेला नव्हता. आम्ही त्या माणसाला अडीच महिन्यांत सेन्सिबल काही करू शकलो नव्हतो, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. जोशीकाका दर मिनिटाला खिडकीतून खाली बघत होते.

गाडेकर आले. हातात जिलेबीचा पुडा. डोळे लाल नव्हते, झोप झालेली दिसत होती.

"झालं," ते म्हणाले. "एक तारखेपासून दिवसपाळी."

सीमाताईंनी टाळी वाजवली ती खाली रफीकभाईंनाही ऐकू गेली असेल. काकांनी गाडेकरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मग एकदम कारकुनी आवाजात म्हणाले, "जिलेबी नंतर. आधी सांगा, झालं कसं?"

गाडेकर बाकावर बसले.

तिघं होते म्हणे. एचआरच्या मॅडम, पुण्याहून आलेले एक साहेब, आणि ज्यांनी शेरा मारला ते मोठे साहेब. पहिले प्रश्न ठीक गेले. रजेचा प्रश्न आलाच नाही. मग पुण्याच्या साहेबांनी फाइल उघडली, शेरा वाचला आणि विचारलं, "मिस्टर गाडेकर, डू यू नो द डिफरन्स? सेन्सिबल अँड सेन्सिटिव्ह?"

"आता मॅडम, आपली सवय," गाडेकर मला म्हणाले. "आर्थ सांगायचा नाय, माणूस दाखवायचा. तोबी खोलीतलाच. माझं बोट आपसूक वर गेलं."

"कुणाकडं?" मी विचारलं.

"मोठ्या साहेबांकडं. म्हणलं, सर, ही इज सेन्सिटिव्ह."

"अरे देवा," सीमाताई म्हणाल्या.

"पुण्याचे साहेब म्हणले, हाऊ? म्हंजी पुरावा मागितला त्यांनी. म्हणलं, सर, कॉम्प्रेसर रूम. लास्ट इयर. खंडेनवमी. ईव्हनिंग."

"मग?"

"मोठ्या साहेबांनी हातातला पेन खाली ठिवला. एचआरच्या मॅडम विचारायल्या, व्हॉट हॅपन्ड इन कॉम्प्रेसर रूम? मी गप. साहेब गप. मग साहेब मराठीत म्हणले, गाडेकर, तुम्ही होता तिथं? म्हणलं, व्हय साहेब, मागच्या दाराला. म्हणले, कुणाला बोललात? म्हणलं, नाय. घरी? म्हणलं, घरीबी नाय. म्हणले, वर्ष होत आलं, का नाही बोललात?"

गाडेकरांनी जिलेबीच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला.

"म्हणलं, सर, आय अ‍ॅम सेन्सिबल."

जोशीकाका बाकावरून अर्धे उठले. "अहो, पण त्या कॉम्प्रेसर रूममध्ये झालं काय होतं? किस्सा सांगितल्याशिवाय चालत नाही. क्लासचा नियम आहे!"

गाडेकरांनी जिलेबीचा पुडा सोडला, पहिली काकांच्या हातावर ठेवली, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, नवी जोडी घ्या."